लुप्त वारसास्थळे आणि मोबाइल संवर्धित वास्तव

नष्ट झालेल्या किंवा केवळ जोत्यापुरत्या उरलेल्या वास्तूचे त्रिमितीय प्रारूप मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या प्रत्यक्ष दृश्यात, तिच्या मूळ जागी बसवून दाखविण्याची पद्धत. आभासी वास्तव, म्हणजे संपूर्णपणे संगणकाने उभे केलेले दृश्य, घरबसल्याही पाहता येते. येथे मात्र त्या जागेवर जावे लागते आणि पाहणारा फिरेल तशी वास्तूची बाजू बदलत जाते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर यांच्या गटाने 1999 मध्ये, विद्यापीठाच्या आवारात एकेकाळी असलेले ब्लूमिंगडेल मनोरुग्णालय असे पुन्हा उभे केले. त्यासाठी पाठीवर संगणक आणि डोक्यावर पारदर्शक पडदा वागवावा लागे. पुढे ग्रीसमधील ऑलिंपिया येथे ‘आर्किओगाइड’ या युरोपीय प्रकल्पाने भग्न मंदिरांवर हाच प्रयोग केला; सरंजामही जवळपास तेवढाच होता. तो भार फोनने उतरविला. लंडन संग्रहालयाच्या 2010 मधील ‘स्ट्रीटम्युझियम’ ॲपने तर प्रारूपांचा घाटच घातला नाही; जुनी छायाचित्रे आजच्या रस्त्यांवर धरली आणि तेवढ्यानेही काम भागले.

वास्तू घडविण्यापेक्षा ती जागेवर स्थिर ठेवणे अवघड असते. मोकळ्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसमध्ये सुमारे 5 मीटरची चूक होऊ शकते. तेवढ्याने खांब जोत्याबाहेर जातो. होकायंत्र लोखंडाजवळ भरकटते. म्हणून कॅमेऱ्याला दिसणाऱ्या ठळक खुणा आणि फोनमधील गतिसंवेदकांच्या नोंदी यांचा मेळ घालून स्थान सतत मोजले जाते. अशा खुणा दगडी भिंतीवर मुबलक सापडतात, सपाट गवतावर फारशा नाहीत. म्हणजे वास्तू जितकी समूळ गेलेली, तितकी या तंत्राची पकड ढिली. गरज मात्र तिथेच सर्वांत जास्त. समोरून कोणी चालत गेले, तर आभासी भिंत त्याच्या मागे राहायला हवी. अंतराचा अंदाज चुकला की ती त्याच्याच अंगावर उमटते.

जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे स्मारकांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणारी 1964 ची व्हेनिस सनद सांगते. पडद्यावरच्या पुनर्रचनेत एकही दगड हलत नाही, त्यामुळे हे बंधन सहज विसरले जाते. पायाची लांबी-रुंदी उत्खननातून कळते. छताचा उतार, रंग, खिडक्या बहुधा समकालीन वास्तूंवरून ठरवाव्या लागतात. पण पडद्यावर पाया आणि छत सारख्याच खात्रीने झळकतात. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा आग्रह वारशाच्या संगणकीय दृश्यीकरणाची तत्त्वे मांडणाऱ्या 2006 च्या लंडन सनदेने धरला आहे. त्यासाठी अनुमानित भाग अर्धपारदर्शक ठेवणे किंवा पर्यायी रूपे दाखविणे हे उपाय सोपे आहेत. तरी चकचकीत, निःशंक चित्राचा मोह अनेकांना आवरत नाही. एकाच जागी अनेक काळांचे थर असतील, तर कोणता काळ दाखवायचा हाही निर्णयच असतो, आणि तो तांत्रिक नसतो.

या ॲपचे आयुष्य अल्प असते. ॲपलने 2017 मध्ये 32-बिट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या, ॲपचा आधार काढून घेतल्यावर अद्ययावत न केलेली असंख्य ॲप नव्या आयफोनवर उघडेनाशी झाली. म्हणून मूळ प्रारूप, मोजमापे आणि निर्णयांच्या नोंदी ॲपपासून वेगळ्या, खुल्या स्वरूपात जतन करणे इष्ट ठरते.