पाण्याच्या जोरावर चालणारी आगबोट

कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'आगबोट' हा शब्द सहज यायचा. पोटात आग घेऊन चालणारी ती आगबोट. मला हा शब्द फार आवडतो, पण तो निम्मीच गोष्ट सांगतो. आग पाण्याला कामाला लावते. बोट पुढे जाते ती पाण्याच्या जोरावर. हे नीट पाहायचं तर समुद्रापेक्षा इंग्लंडचे अरुंद कालवे बरे.

तिथल्या कालव्यांवर 'प्रेसिडेंट' नावाची एक मालवाहू बोट आहे. 1909 साली बर्मिंगहॅममधल्या सॉल्टली इथे फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या कंपनीने ती बांधली. 1925 मध्ये तिचं वाफेचं यंत्र काढून तेलावरचं इंजिन बसवण्यात आलं. पुढे हौशी मंडळींनी तिला भंगारातून सोडवलं आणि 1978 मध्ये ती पुन्हा वाफेवर चालू लागली. आता तिचं घर म्हणजे डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम. तिथून निघून चेशायरमधल्या वीव्हर नदीवर वाफेच्या बोटींच्या मेळाव्याला जायचं ठरवलं, तर वाटेत काय काय लागेल?

तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. बॉयलर घाईने तापवून चालत नाही, कारण लोखंड सगळीकडे सारखं प्रसरण पावलं नाही तर सांधे गळू लागतात. शिवाय पाण्याची भूक मोठी. 1 किलो पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ पावणेसात पट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते, आणि एवढं सगळं देऊनही तापमापकातला पारा जागचा हलत नाही. शाळेत आपण 'अप्रकट उष्मा' पाठ केला तो हाच. ही उष्णता वाया जात नाही. मोकळ्या हवेत 1 लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते. तिला बंद बॉयलरमध्ये कोंडलं की पसरायची तिची सगळी धडपड दाब बनते आणि हाच दाब दट्ट्याला ढकलतो. कंपाउंड यंत्रात वाफेला एकदा वापरून सोडत नाहीत. आधी लहान सिलिंडरमध्ये ती काम करते, मग दाब उतरलेली तीच वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा राबते.

एवढी ताकद असूनही कालव्यावर बोट माणसाच्या चालीनेच जाते. वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. नियम नसता तरी फार फरक पडला नसता. उथळ, अरुंद कालव्यात बोट पुढचं पाणी ढकलते तेव्हा त्या पाण्याला बोटीच्या पोटाखालून आणि दोन्ही कुशींच्या फटीतून मागे यावं लागतं. वेग वाढवला की मागचा भाग खाली बसतो, काठ खचू लागतात आणि कोळसा लाटा उठवण्यातच जातो. जुन्या वाफेच्या बोटी लंडन ते बर्मिंगहॅम हे अंतर सुमारे 54 तासांत तोडायच्या त्या वेगामुळे नव्हे. रात्रंदिवस न थांबता चालायच्या म्हणून.

कालव्यातल्या लाटांचा असाच अभ्यास करताना जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्याला 1834 मध्ये एडिंबराजवळ एक अजब गोष्ट दिसली. घोड्यांनी ओढलेली बोट अचानक थांबली, पण तिच्यापुढे साचलेला पाण्याचा उंचवटा थांबला नाही. सुमारे 30 फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच अशी एकटी लाट, आकार न मोडता, कालव्यातून पुढे धावत निघाली. रसेल घोड्यावरून तिच्या मागे लागला. ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने ती मैल-दोन मैल गेली आणि मग वळणावळणांत त्याच्या नजरेआड झाली. 1895 मध्ये कोर्टवेग आणि द व्रीस या डच गणितज्ञांनी तिचं गणित मांडलं. आज अशा लाटांना सॉलिटॉन म्हणतात आणि काचतंतूंतून जाणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदांतही त्या सापडतात. घोड्यावर बसून केलेलं इतकं सुंदर निरीक्षण विज्ञानात मला दुसरं आठवत नाही.

डडलीहून उत्तरेकडे निघालं की वुल्व्हरहॅम्प्टनला 21 लॉक एकामागून एक उतरावे लागतात. एकूण उतार 132 फूट, म्हणजे सुमारे 40 मीटर. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, वरचं दार लावायचं, पाणी खाली सोडायचं. बोट पाण्याबरोबर उतरते. पंप लागत नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. फक्त प्रत्येक वेळी लाखभर लिटर पाणी खाली जातं आणि डोंगरमाथ्यावरच्या कालव्यात पाणी आणणं सोपं नसतं. म्हणून स्मेथविक इथे 1779 मध्ये बोल्टन आणि वॉट यांचं वाफेचं यंत्र बसवलं गेलं. खाली गेलेलं पाणी उचलून पुन्हा वर टाकणं हे त्याचं काम. हे यंत्र 1891 पर्यंत राबलं. चालू स्थितीतलं जगातलं सर्वात जुनं वाफेचं यंत्र म्हणून आज ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. म्हणजे कालव्यावर वाफ आली ती आधी पाण्याच्या चाकरीला; बोटी ओढायचं काम तिला खूप नंतर मिळालं.

पुढे स्टॅफर्डशायरमध्ये हेअरकॅसलचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. वाफेच्या बोटीला बोगद्याचं भय खरंच होतं. 1861 मध्ये ब्लिसवर्थच्या बोगद्यात धुराने गुदमरून माणसं दगावली आणि त्यानंतर तिथे हवेसाठी झरोके पाडण्यात आले.

ट्रेंट अँड मर्सी कालवा अँडरटनला पोचतो तेव्हा वीव्हर नदी पन्नास फूट खाली वाहत असते. 1875 साली एडविन क्लार्कने इथे बोटींसाठी पाळणा उभारला. पाण्याने भरलेल्या दोन अवाढव्य लोखंडी टाक्या, प्रत्येकीचं वजन पाण्यासकट सुमारे 250 टन. खाली कालव्याच्या पाण्याने भरलेल्या नळकांड्यांत दोन जाड दांडे आणि ती नळकांडी एकमेकांना जोडलेली. एक टाकी उतरली की दुसरी चढते, तराजूच्या पारड्यांसारखी. टाकीत बोट असो वा नसो, वजन तेवढंच! बोट आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम इथे अक्षरशः तोलून दाखवला आहे. मग पाळणा हलतो कसा? खालच्या टाकीतून सहा इंच पाणी काढून टाकायचं. सुमारे 15 टन वजन घटतं आणि वरची टाकी जड पडून आपसूक उतरू लागते. मात्र तळाशी ती नदीत बुडू लागली की नदीच तिला वर ढकलते आणि तोल बिघडतो. राहिलेल्या चार फुटांसाठी जोर साठवून ठेवायचं काम एका लहानशा वाफेच्या यंत्राकडे होतं.

कालव्याचं पाणी मात्र त्या दांड्यांना लागलं. गंजून त्यांना चरे पडले. 1908 मध्ये सगळं बदलून विजेवर नेलं, 1983 मध्ये पाळणा बंदच झाला आणि 2002 मध्ये मूळ पद्धतीने पुन्हा सुरू केला तेव्हा नळकांड्यांत पाण्याऐवजी तेल भरलं.

नदीवर आलं की पाणी खोल आणि रुंद होतं, बोटीला अंग पसरायला जागा मिळते. इथल्या पाण्यावर भेटते 1903 ची कोळशावर चालणारी 'डॅनियल अ‍ॅडमसन'. 2004 मध्ये ती मोडीत निघणार होती, तेव्हा एका पौंडाला विकत घेऊन लोकांनी तिला वाचवलं आणि 2016 मध्ये ती पुन्हा प्रवासी घेऊन निघाली. ज्याचं नाव तिला आहे तो अ‍ॅडमसन मँचेस्टर शिप कॅनॉल कंपनीचा पहिला अध्यक्ष होता. त्याआधी आयुष्यभर त्याने बॉयलर बनवले होते.