मान उघडायची की वाट पाहायची?

जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरचा व्रण आहे. बायोप्सीत कॅन्सर निघाला आहे. सर्जन दोन्ही हातांनी मान चाचपून पाहतो, गाठ लागत नाही. सोनोग्राफीतही संशय घ्यावा असं काही दिसत नाही. जिभेचा तेवढा भाग काढायचा, यावर कुणाचंच दुमत नसतं. प्रश्न मानेचा असतो: वरकरणी स्वच्छ दिसणाऱ्या मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढायच्या, की गाठ उमटली तर तेव्हा पाहायचं?

डोकं-मान विभागातल्या सर्जनला हा प्रश्न ओपीडीच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी पडतो. २०१५ पर्यंत त्याला जगात एकमताचं उत्तर नव्हतं. ते मिळालं मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये. तिथले डोकं-मान विभागाचे प्रमुख आणि पुढे रुग्णालयाचे संचालक झालेले डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी या एका प्रश्नामागे दहा वर्षांहून अधिक काळ लागले होते.

तोंडातला कॅन्सर दूरच्या अवयवांत जाण्याआधी बहुतेक वेळा मानेत उतरतो. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी लसीकेच्या, म्हणजे शरीरात फिरणाऱ्या एका पातळ द्रवाच्या, बारीक नळ्यांतून वाहत मानेतल्या लसीकाग्रंथींत अडकतात आणि तिथे वाढू लागतात. सुरुवातीला हा पुंजका दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असू शकतो. बोटांना साधारण सेंटिमीटरभराची गाठ लागते, तीही मान बारीक असेल तर. सीटी स्कॅन आणि सोनोग्राफी मुख्यतः ग्रंथीचा आकार, गोलाई आणि आतली रचना पाहून अंदाज बांधतात. पेट (PET) स्कॅनलाही काही मिलिमीटरच्या खालचं नीट दिसत नाही. त्यामुळे ‘मानेत काही नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘मानेत दिसण्याजोगं काही नाही’ इतकाच असतो.

मानेतल्या गाठी काढायच्या शस्त्रक्रियेची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून केली. ग्रंथी आणि त्यांच्या भोवतालची चरबी त्यांनी एकसंध तुकड्यात काढली. त्याबरोबर मान वळवणारा मोठा स्नायू, गळ्यातली आतली मोठी शीर आणि पुढे खांद्याकडे जाणारी चेतातंतूही जाऊ लागली. कॅन्सर निघायचा, पण खांदा खाली उतरायचा, हात डोक्यावर जाईना, केस विंचरणं किंवा फळीवरचा डबा काढणं जमेना. १९६० च्या दशकात अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी दाखवलं, की ग्रंथी आवरणांच्या पदरांमध्ये असतात आणि ते पदर सोलून काढले तर स्नायू, शीर आणि चेतातंतू तिन्ही वाचवता येतात. पुढे मानेचे पाच विभाग ठरले. तोंडाचा कॅन्सर सहसा आधी पहिल्या तीन विभागांत उतरतो, म्हणजे हनुवटी-जबड्याखालचा भाग आणि मोठ्या शिरेलगतचा वरचा व मधला पट्टा. मानेत काही दिसत नसेल तर सहसा एवढ्यावरच शस्त्रक्रिया होते.

ही शस्त्रक्रिया नेमकी कशी असते ते सांगायला हवं, कारण ‘मानेतल्या गाठी काढाव्या लागतील’ हे वाक्य ऐकून घरचे हादरतात. छेद जबड्याच्या खाली साधारण दोन बोटांवर, मानेच्या नैसर्गिक वळीतून घेतात, म्हणजे व्रण वळीतच लपतो. त्वचेखालच्या पातळ स्नायूसकट पदर वर उचलतात. इथे पहिला धोका असतो. खालच्या ओठाचा कोपरा हलवणारी चेहऱ्याच्या चेतातंतूची एक बारीक शाखा जबड्याच्या कडेलगत जाते. ती वाचवण्याची जुनी युक्ती म्हणजे चेहऱ्यावरून येणारी शीर खाली बांधून वर उलटायची, मग शाखा तिच्या आड सुरक्षित राहते. शाखा ताणली गेली तर काही आठवडे-महिने ओठ वाकडा दिसतो, तुटली तर कायमचा. जबड्याखालची लाळग्रंथी काढताना जिभेला संवेदना देणारी आणि जिभेला हालचाल देणारी, अशा दोन चेतातंतू वाचवायच्या असतात.

त्यानंतर येते खांद्याची चेतातंतू. ती कापली गेली नाही तरी तिच्या वरच्या बाजूची चरबी काढताना ओढ बसते, आणि न कापलेल्या चेतातंतूमुळेही खांदा काही काळ दुखू शकतो. म्हणून खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करायला हवेत. पुष्कळ रुग्ण ‘टाके उकलतील’ या भीतीने हात हलवत नाहीत आणि खांदा आखडून बसतो. मानेच्या डाव्या बाजूला तळाशी शस्त्रक्रिया गेली तर आणखी एक अडचण संभवते. आतड्यांकडून स्निग्धांश आणणारी मोठी लसीकानलिका तिथेच शिरेला मिळते. ती दुखावली तर जेवण सुरू झाल्यावर ड्रेनच्या नळीत पाण्यासारख्या द्रवाऐवजी दुधासारखा पांढरा द्रव दिसू लागतो. गळती थोडी असेल तर आहारातले नेहमीचे स्निग्ध पदार्थ बंद करून आणि दाब देऊन ती थांबते, जास्त असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

इतकं सगळं कुणासाठी करायचं? सुरुवातीच्या अवस्थेतल्या दहा रुग्णांपैकी साधारण तिघांच्या मानेत लपलेला कॅन्सर असतो. उरलेल्या सातांची मान विनाकारण उघडली जाते. ‘थांबा आणि पाहा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. दुसरी बाजू म्हणायची, त्या तिघांमध्ये गाठ उमटेपर्यंत कॅन्सर ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलेला असतो. १९९४ मध्ये एका गणिती मांडणीतून असा तोडगा निघाला, की लपलेल्या कॅन्सरची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल तर मान उघडावी. पुढची वीस वर्षं जगभरचे सर्जन हा आकडा धरून चालले, पण तो रुग्णांवरच्या प्रयोगातून आलेला नव्हता.

प्रयोग झाले होते, फक्त फार लहान. फ्रान्समध्ये १९८० साली ७५ रुग्ण, टाटा मेमोरियलमध्येच १९८९ साली ७०, ब्राझीलमध्ये १९९४ साली ६७, हाँगकाँगमध्ये २००९ साली ७१. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. साधं गणित करून पाहा. समजा, एका पद्धतीत तीन वर्षांनी शंभरातले ८० जण जगतात आणि दुसरीत ६७. प्रत्येक गटात ३५ रुग्ण घेतले तर हा फरक चार-पाच माणसांचा होतो. चार-पाच माणसांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तो खरा आहे की भास, हे सांगायला शेकडो रुग्ण लागतात, आणि तेही एकाच अवस्थेतले. पाश्चात्त्य देशांतल्या एखाद्या रुग्णालयाला इतके रुग्ण जमवायला किती वर्षं लागली असती!

आपल्याकडे मात्र रुग्ण आहेत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे जगभरात सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले, त्यांतले सुमारे १ लाख ४४ हजार भारतातले. तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा ही त्यामागची ओळखीची नावं. यांतल्या अनेकांत असलेली सुपारीही निर्दोष नाही, तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक ठरलेली आहे. या दुर्दैवातून निदान उत्तर तरी काढावं, असा डिक्रूझ यांच्या प्रयोगाचा अर्थ लावता येतो.

प्रयोग २००४ मध्ये सुरू झाला. जीभ, गालाचा आतला भाग किंवा जिभेखालची जागा, अशा ठिकाणी एका बाजूला असलेला सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर आणि चाचपून-तपासून स्वच्छ मान, असेच रुग्ण घेतले. कोणता रुग्ण कुठल्या गटात जाईल हे सर्जनने ठरवायचं नव्हतं, नाही तर धडधाकट रुग्ण नकळत एका बाजूला झुकले असते. वाटणी संगणकाने केली. पहिल्या गटात तोंडातल्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या तीन विभागांतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया झाली आणि गाठ उमटली तरच मान उघडली. पहिल्या सहा महिन्यांत दर चार आठवड्यांनी तपासणी होती. हे कागदावर सोपं वाटतं. टाटाला येणारे रुग्ण बिहार, उत्तर प्रदेश, बंगालपासून येतात, परतीच्या तिकिटाची आणि बुडालेल्या रोजंदारीची चिंता घेऊन. अशा रुग्णांना वर्षानुवर्षं पाठपुराव्यात ठेवणं हे या संशोधनातलं सर्वांत कष्टाचं काम, आणि शोधनिबंधात त्याला एक ओळ मिळते.

एकूण ७१० रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. त्रयस्थ देखरेख समितीने पहिल्या ५०० रुग्णांची आकडेवारी पाहिली आणि भरती थांबवायला सांगितलं, तेव्हा ५९६ जण दाखल झाले होते. मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेल्या २४५ जणांत कॅन्सर परतण्याच्या ८१ घटना आणि ५० मृत्यू होते. वाट पाहिलेल्या २५५ जणांत कॅन्सर परतण्याच्या १४६ घटना आणि ७९ मृत्यू. तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण अनुक्रमे ८० टक्के आणि ६७.५ टक्के निघालं. आजार न परतता जगण्याचं प्रमाण ६९.५ आणि ४५.९ टक्के. म्हणजे आठ जणांची मान आधीच उघडली तर एक मृत्यू टळतो. शस्त्रक्रियेशी निगडित त्रास पहिल्या गटात ६.६ टक्के आणि दुसऱ्यात ३.६ टक्के लोकांना झाला. कर्करोगशास्त्रात इतका मोठा फरक एखाद्या नव्या महागड्या औषधानेही क्वचित पडतो, आणि इथे औषध नव्हतंच. कुठल्याही प्रशिक्षित सर्जनला येणारी, शंभर वर्षं जुनी शस्त्रक्रिया फक्त आधी केली होती. २०१५ च्या मे महिन्याअखेर शिकागोच्या वार्षिक कर्करोग परिषदेत हे निष्कर्ष मुख्य सत्रात मांडले गेले आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले.

त्यावर घेतलेले आक्षेप रास्त होते. हे एकाच रुग्णालयातलं काम आहे, जिथे पाठपुरावा अधिक काटेकोर आणि स्कॅन अधिक बारकाईने होतो तिथे वाट पाहणं इतकं महाग पडणार नाही, असं काहींचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले, आणि तिथेही मान आधी उघडणंच सरस ठरलं. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या प्रयोगातले ८५ टक्क्यांहून अधिक रुग्ण जिभेच्या कॅन्सरचे होते. गालाच्या आतल्या भागाचे साधारण १४ टक्के. आपल्याकडे तंबाखूची गोळी जिथे धरतात त्या गाल-हिरडीच्या खोबणीतला कॅन्सर फार मोठ्या संख्येने दिसतो, आणि तो मानेत जिभेइतक्या सहज उतरत नाही. जिभेचं उत्तर गालाला जसंच्या तसं लावताना विचार करायला हवा.

एक सूत्र मात्र पुन्हा पुन्हा पुढे येतं, ते खोलीचं. व्रण किती रुंद आहे यापेक्षा तो किती आत गेला आहे हे मानेचं भवितव्य जास्त ठरवतं. मुंबईच्या आकडेवारीत तीन मिलिमीटरपर्यंत खोल गेलेल्या कॅन्सरमध्ये आधी मान उघडण्याचा फायदा स्पष्ट दिसला नाही, त्यापुढे दिसला. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खोलीला जागा मिळाली: पाच मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर दोन सेंटिमीटरच्या आतला व्रणही पहिल्या टप्प्यातला धरत नाहीत. अडचण अशी, की खोली नेमकी कळते ती शस्त्रक्रियेनंतर, काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर. आधी अंदाज बांधावा लागतो तो एमआरआयवरून, तोंडाच्या आतून केलेल्या सोनोग्राफीवरून, आणि अनुभवी सर्जनच्या बोटांवरून. व्रण दोन बोटांत धरून खालची कठीण चकती किती जाड आहे हे जाणवतं.

ज्या सातांची मान विनाकारण उघडली जाते, त्यांना वाचवण्याचा एक मार्ग आता हाताशी आहे. व्रणाभोवती किरणोत्सारी टेक्नेशियमचं द्रावण टोचायचं, ते ज्या ग्रंथीत आधी पोहोचेल ती पहारेकरी ग्रंथी. तेवढीच काढून पातळ पातळ कापांत तपासायची, कॅन्सर सापडला तरच बाकीची मान उघडायची. फ्रान्स आणि जपानमधल्या प्रयोगांत हा मार्ग पूर्ण शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला, आणि खांद्याला त्रास कमी झाला. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, गॅमा प्रोब (किरणोत्सार टिपणारं हातातलं उपकरण) आणि एका ग्रंथीचे अनेक थरांत काप पाहायला वेळ असलेला पॅथॉलॉजिस्ट लागतो. जिल्ह्याच्या गावी हे तिन्ही एकत्र मिळणं कठीण. चुकीच्या हातात हा मार्ग उलटूही शकतो. जिभेखालच्या व्रणात टोचलेल्या द्रावणाचा झगमगाट शेजारच्या ग्रंथीला झाकून टाकतो आणि नेमकी तीच सुटते.

डॉ. डिक्रूझ पुढे २०१८ ते २०२० या काळात कॅन्सरविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. टाटामध्ये मात्र ‘आपल्या रुग्णाला परवडेल असं उत्तर’ शोधण्याची रीत चालू राहिली. २०२२ मध्ये तिथल्या औषधोपचार विभागाने, पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी, निव्होलुमॅब या महागड्या औषधाची दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. या औषधाची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅमच्या घरात असते.

शस्त्रक्रिया होऊन हाती रिपोर्ट येतो तेव्हा घरच्यांनी त्यात चार गोष्टी शोधाव्यात. खोली किती मिलिमीटर. भोवतालची निरोगी कड किती (सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिलिमीटर किंवा जास्त असली तर ती सुरक्षित धरतात). मानेतून किती ग्रंथी मिळाल्या आणि त्यांपैकी किती बाधित, कारण अठराच्या खाली संख्या असेल तर सफाई अपुरी झाली का, हे विचारायला हरकत नाही. आणि एखाद्या ग्रंथीचं कवच फुटलं आहे का. कवच फुटलं असेल किंवा कडेला कॅन्सर राहिला असेल, तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देण्याचा विचार होतो. रेडिएशन शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. जखम बरी होण्याची वाट पाहण्यात, दात काढण्यात आणि यंत्राच्या प्रतीक्षायादीत हे आठवडे निसटतात. म्हणून दातांची तपासणी शस्त्रक्रियेआधीच करून घ्यावी आणि रेडिएशनची तारीख घरी सोडण्याच्या दिवशीच मागून घ्यावी.