नाकातल्या हवेचा माग: लिटमस कागदापासून संगणकापर्यंत

नाकपुडीतून आत आलेली हवा सरळ मागे घशाकडे जात नाही. ती आधी वर चढते, कमानीसारखी वळते आणि मग खाली उतरते. हे कळायला संगणक लागला नाही. 1882 मध्ये पॉल्सन यांनी प्रेताच्या नाकात लिटमस कागदाचे तुकडे लावून अमोनियाची वाफ आत ओढली. जिथला कागद रंग बदलेल, तिथून हवा गेली! इतकी साधी युक्ती, पण तिने वाट दाखवली. वेग किंवा दाब मात्र तिच्यातून कळणं शक्य नव्हतं.

प्रवाहाचं गणित तोवर तयार होतं. नाविए आणि स्टोक्स यांची समीकरणं 19व्या शतकाच्या पूर्वार्धातलीच. अडचण आकाराची होती. नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत वळलेल्या टर्बिनेट नावाच्या हाडांच्या घड्यांमुळे हवेला जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या वाकड्यातिकड्या फटी उरतात. सीटी स्कॅन 1970च्या दशकात आला आणि जिवंत माणसाच्या या फटी मोजता येऊ लागल्या. 1993 मध्ये हान, शेरर आणि मोझेल यांनी स्कॅनवरून नाकाचं वीसपट मोठं मॉडेल बनवून आतला वेग मोजला. 1995 मध्ये केहानी, शेरर आणि मोझेल यांनी निरोगी माणसाच्या उजव्या नाकपोकळीतला प्रवाह संगणकावर सोडवला आणि उत्तर त्या मोजमापांशी ताडून पाहिलं. आज या क्षेत्राची सुरुवात बहुधा इथूनच सांगतात.

तरी या संशोधनामागचा सगळा रेटा नाकावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या गरजेतून आला असं नाही. फॉर्मल्डिहाइड या विषारी वायूमुळे उंदरांच्या नाकात ठरावीक जागीच इजा का होते, हे शोधणारे विषशास्त्रज्ञही त्याच काळात उंदराच्या नाकाची अशीच गणितं करत होते.

डॉक्टरांचा प्रश्न अधिक अवघड निघाला. वाट मोकळी दिसते, तरी रुग्ण म्हणतो नाक बंद आहे. मेंथॉल हुंगलं की नाक मोकळं वाटतं, पण हवेला होणारा रोध जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे जाणीव प्रवाहाची नसून आतल्या त्वचेला लागणाऱ्या गारव्याची असावी. माझ्या मते सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर प्रवाह सोडवणं, खरं उपयोगी पडलं ते इथे: कुठली भिंत किती गार होते, हे जिवंत नाकात मोजणं कठीण, संगणकावर सोपं.

एक गोची राहतेच. दोन्ही बाजूंची सूज काही तासांनी आलटूनपालटून कमीजास्त होते, हे कायझर यांनी 1895 मध्येच नोंदवलं होतं. स्कॅन मात्र एका क्षणाचा. म्हणून काही संशोधक आधी स्कॅनमधली ही सूज सावरून घेतात आणि मगच गणिताला हात घालतात.