बॉयटेल्सबाख सहमती

समाज व राज्यकारभाराचे वादग्रस्त प्रश्न वर्गात कसे हाताळावेत, यासंबंधी जर्मनीतील शिक्षक पाळतात ती तीन तत्त्वे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील बॉयटेल्सबाख या गावी १९७६ मध्ये भरलेल्या बैठकीतून ती पुढे आली. हा कायदा नाही आणि करारही नाही. त्यावर कोणाची सही नाही, मतदानसुद्धा झाले नव्हते. तरी निर्वासितांना आश्रय, अणुवीज, मतदानाचे वय असे विषय वर्गात काढणारा शिक्षक आजही पहिला आधार तिचाच देतो.

नाझी राजवटीत शाळा म्हणजे पक्षाचा कारखाना झाला होता. त्यामुळे १९४५ नंतर पश्चिम जर्मनीत राजकीय शिक्षण हा जपून हाताळायचा विषय ठरला. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीनंतर त्यावरून उघड भांडण जुंपले. शाळेने मुलांना प्रस्थापित समाजाची चिकित्सा शिकवावी, असे डाव्यांचे म्हणणे. हा वर्गात शिरलेला प्रचार आहे, असे उजव्यांचे. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने भांडण अभ्यासक्रमांत उतरले. डावीकडे झुकलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे सरकार असलेल्या हेसेन राज्याने १९७२ मध्ये समाजशास्त्राची नवी चौकट आणली, तेव्हा पालक व उजवीकडे झुकलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष तिच्यावर तुटून पडले. १९७४ मध्ये शिक्षणमंत्री लुडविग फोन फ्रीडेबुर्ग यांचे पद गेले. सरकार बदलले की नागरिकशास्त्रही बदलणार, अशी चिन्हे दिसू लागली.

या वेळी बाडेन-व्युर्टेंबर्गच्या राजकीय शिक्षण केंद्राचे संचालक झीगफ्रीड शीले यांनी दोन्ही छावण्यांतील अभ्यासकांना एकत्र बोलावले. स्थळ होते श्टुटगार्टच्या पूर्वेकडील, रेम्स नदीच्या खोऱ्यातले द्राक्षमळ्यांचे गाव. (तंटा या गावाला नवा नाही. ड्यूकने वजनमापे घटवून कर लादला, तेव्हा १५१४ मध्ये इथल्याच एका शेतकऱ्याने ती वजने नदीत फेकून ‘गरीब कॉनराड’ या बंडाला तोंड फोडले होते.) बैठकीत वाद मिटला नाही. मात्र कशावर कोणाचाच आक्षेप दिसला नाही, हे केंद्रातील अभ्यासक हान्स-गेऑर्ग वेलिंग यांनी नंतर टिपून ठेवले. १९७७ मध्ये छापलेल्या या टिपणाच्या शीर्षकात त्यांनी ‘सहमती’पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते. वापरता वापरता ते गळून पडले.

पहिले तत्त्व न दडपण्याचे. शिक्षकाने आपल्याला हवे ते मत विद्यार्थ्याच्या गळी उतरवू नये आणि त्याला स्वतःचा निष्कर्ष काढण्यापासून अडवू नये. वेलिंग यांच्या मते शिक्षण आणि मतारोपण यांतली सीमारेषा इथेच आहे. दुसरे तत्त्व असे, की अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडले गेले पाहिजे. तिसऱ्यानुसार विद्यार्थ्याला राजकीय परिस्थितीची आणि त्यातल्या स्वतःच्या हिताची पारख करता यावी, तसेच ती परिस्थिती आपल्या हिताच्या दिशेने वळवण्याचे मार्ग शोधता यावेत. या तिसऱ्यावर टीकाही झाली: नुसते स्वहित शिकवायचे, तर सार्वजनिक हिताचे काय?

तिन्हींत खरे वजनदार तत्त्व दुसरे. त्याचा अर्थ शिक्षकाने मूग गिळून बसावे असा होत नाही. उलट त्याचे काम वाढते. वर्गातली सगळी मुले एकाच वस्तीतली, एकाच मताच्या घरांतली असतील, तर तिथे न उमटणारी बाजू शिक्षकानेच आणायची असते, तीही टवाळी न करता. आपल्याकडच्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त होती, तिच्याशी हे जुळते. शिक्षकाचे स्वतःचे मत मग तुलनेने बिनमहत्त्वाचे ठरते. त्याने ते सांगू नये, असे मात्र सहमती म्हणत नाही.

प्रत्यक्ष तासाला बहुधा एकच प्रश्न घेतात, आणि तो ‘करावे का?’ अशा घाटाचा असतो. बाजू मांडण्याआधी वर्गाचे मत घेतात, चर्चेनंतर पुन्हा घेतात. मग कोण का हलले, यावर बोलणे होते. ‘युगेंड डेबाटिर्ट’ या देशव्यापी शालेय स्पर्धेचा साचा याहून कडक आहे. दोन विद्यार्थी बाजूने, दोन विरोधात. प्रत्येकाला सुरुवातीस दोन मिनिटे, मग बारा मिनिटे मोकळा वाद, शेवटी प्रत्येकी एक मिनिट. एकूण चोवीस मिनिटे. बाजू आपल्या आवडीची मिळेलच असे नाही.

अडचण येते ती वादग्रस्त काय हे ठरवताना. माणसामुळे पृथ्वी तापते आहे का, याबद्दल वैज्ञानिकांत वाद उरलेला नाही. कोळसा कधी बंद करावा आणि त्याची झळ कोणी सोसावी, याबद्दल आहे. पहिला प्रश्न ‘दोन बाजू’ म्हणून मांडणारा शिक्षक सहमती पाळत नाही, मोडतो. मानवी प्रतिष्ठेबद्दलही हेच. जर्मन राज्यघटनेचे पहिलेच कलम तिला अनुल्लंघनीय म्हणते, आणि सरकारी सेवेतील शिक्षक त्या घटनेशी बांधलेला असतो. राजकीय बाबतीत संयम पाळणे हेही त्याचे सेवाकर्तव्यच.

ही गुंतागुंत २०१८ मध्ये चव्हाट्यावर आली. ‘आल्टरनाटिव्हे फ्यूर डॉइचलांट’ या कट्टर उजव्या पक्षाच्या हाम्बुर्गमधील विधिमंडळ गटाने ‘तटस्थ शाळे’च्या नावाखाली शिक्षकांविरुद्ध तक्रारी मागवणारे संकेतस्थळ उघडले. सहमतीत तटस्थता हा शब्दच नाही, याकडे तेव्हा अनेकांनी लक्ष वेधले. दुसऱ्या टोकाची टीका त्याआधीच झाली होती: २०१५ च्या ‘फ्रँकफुर्ट जाहीरनाम्या’त काही अभ्यासकांनी, सत्ता व विषमतेची चिकित्सा ही राजकीय शिक्षणाची मुख्य बाब असावी, असा आग्रह धरला.

वादासाठी वर्षानुवर्षे निवडला जाणारा एक प्रश्न अलीकडे अर्धा सुटला आहे. २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीतील सोळा वर्षांच्या मुलांनी मतदान केले. राष्ट्रीय संसदेसाठी वय अजून अठराच आहे. तेवढ्यापुरता हा विषय वर्गात शिल्लक आहे.