साखरेच्या द्रावणातून उलगडलेला अभिक्रियेचा वेग

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रासायनिक अभिक्रियेचा दर ठरवणारे घटक एकापाठोपाठ एक येतात: अभिक्रियाकारकांचे स्वरूप, त्यांच्या कणांचा आकार, त्यांची संहती (म्हणजे द्रावणातील प्रमाण), तापमान आणि उत्प्रेरक (स्वतः न संपता वेग बदलणारा पदार्थ). शहाबाद फरशीचे तुकडे एका परीक्षानळीत आणि तिचाच चुरा दुसऱ्या परीक्षानळीत घेऊन दोन्हींवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की चुरा जोरात फसफसतो आणि तुकड्यांवर बुडबुडे सावकाश उठतात, हे अनेकांनी वर्गात पाहिलेले असते. पाच घटक असे ओळीने वाचले की ते एकाच विचारातून, एकाच काळात सुचले असावेत असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे घटक समजून घ्यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यातले कळीचे बरेचसे काम उसाच्या साखरेच्या साध्या द्रावणावर झाले.

अठराव्या शतकातील रसायनशास्त्रापुढचा मुख्य प्रश्न रासायनिक आसक्तीचा होता. कोणता पदार्थ कोणाशी संयोग पावतो आणि कोण कोणाला संयुगातून हुसकावून लावतो, याची मोठमोठी कोष्टके तयार होत होती. पण हे घडायला किती वेळ लागतो, ही बाब त्या कोष्टकांत कुठेच नव्हती. या काळात कार्ल फ्रीडरिक वेंझेल हा अपवाद ठरतो. धातू आम्लात विरघळण्याच्या वेळेवरून आसक्तीचे मोजमाप करता येईल, या अपेक्षेने त्याने प्रयोग केले आणि १७७७ साली असे नोंदवले की, ठरावीक धातू विरघळवायला एखाद्या आम्लाला एक तास लागत असेल, तर निम्म्या तीव्रतेच्या आम्लाला दोन तास लागतील. मात्र धातूचा पृष्ठभाग आणि उष्णता दोन्हीकडे सारखी असली पाहिजे. आज दहावीत शिकवल्या जाणाऱ्या पाचांपैकी तीन घटक या एका विधानात आलेले आहेत. त्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण वेंझेलचा स्वतःचा प्रश्नही वेगाचा नसून आसक्तीचाच होता.

पुढचा धक्का इजिप्तमधून आला. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर १७९८ साली तेथे गेलेल्या क्लोद लुई बर्थोले याला नॅट्रॉन सरोवरांच्या काठी सोड्याचे थर साचलेले दिसले. मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा तयार होणे हे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या अभिक्रियेच्या अगदी उलट होते. मिठाचे आणि चुनखडीचे प्रमाण प्रचंड असेल, तर अभिक्रियेची दिशाच बदलू शकते, असा निष्कर्ष त्याने काढला. हा निष्कर्ष वेगाविषयी नव्हता, दिशेविषयी होता. तरीही पदार्थ कोणता आहे याबरोबरच तो किती आहे याचाही अभिक्रियेवर परिणाम होतो, हा विचार येथून रसायनशास्त्रात शिरला.

वेग खरोखर मोजायचा तर एक व्यावहारिक अडचण होती. अभिक्रिया कुठवर आली हे पाहण्यासाठी द्रावणाचा नमुना काढून त्याचे पृथक्करण करावे, तर ते होईपर्यंत नमुन्यातील अभिक्रिया पुढे सरकलेली असे. साखरेने ही अडचण सोडवली. काही सेंद्रिय द्रव आणि द्रावणे ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल वळवतात, हे झाँ-बातिस्त बियो याने १८१५ साली दाखवले होते. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, हे प्रतल उजवीकडे वळवते. पाण्यात थोडे आम्ल असेल, तर सुक्रोजच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. ग्लुकोज प्रतल उजवीकडे वळवते, पण फ्रुक्टोज त्याहून अधिक जोराने डावीकडे. त्यामुळे अभिक्रिया पुढे जाते तसे पोलरीमीटरमधील, म्हणजे हा वळण्याचा कोन मोजणाऱ्या उपकरणातील, वाचन उजवीकडून शून्याकडे सरकते, शून्य ओलांडते आणि अखेर डावीकडे जाऊन स्थिरावते. साखर कारखान्यांत हिलाच इन्व्हर्जन म्हणतात. येथे नमुना काढावा लागत नाही, द्रावण ढवळावे लागत नाही. नळीतून डोळा लावून फक्त कोन वाचायचा आणि घड्याळ पाहायचे.

हायडेलबर्ग येथे अध्यापन करणाऱ्या लुडविग विल्हेल्मी याने १८५० साली नेमके हेच केले. साखरेचे प्रमाण, आम्लाचे प्रमाण आणि तापमान एकेक करून बदलत त्याने वाचने घेतली आणि असे दाखवले की, कोणत्याही क्षणी साखर बदलण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. पहिल्या तासात निम्मी साखर संपली असेल, तर दुसऱ्या तासात उरलेल्यातील निम्मी संपते, तिसऱ्यात पुन्हा उरलेल्यातील निम्मी. ही गोष्ट त्याने विकलन समीकरणात मांडली. रासायनिक अभिक्रियेचा वेग अशा गणिती समीकरणात बसवण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. शोधनिबंध त्या काळच्या भौतिकशास्त्राच्या नामांकित जर्मन नियतकालिकात छापून आला आणि तीन दशकांहून अधिक काळ विस्मरणात पडला. सेंद्रिय रसायनशास्त्रातले लोक नवनवी संयुगे तयार करण्यात आणि त्यांची रचना शोधण्यात गुंतलेले होते. कलनशास्त्राची भाषा त्यांतल्या बहुतेकांना परकी होती. १८८४ च्या सुमारास विल्हेल्म ओस्टवाल्ड याने या कामाकडे लक्ष वेधले, तोवर विल्हेल्मीला जाऊन वीस वर्षे झाली होती.

मधल्या काळात इतरांनी वेगळ्या वाटेने तीच जागा गाठली. नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वॉगे या मेहुण्यांनी १८६४ साली संहतीचा अभिक्रियेशी असलेला संबंध मांडला; तो निबंध नॉर्वेजियन भाषेत असल्यामुळे बराच काळ कोणाच्या वाचनात आला नाही. ऑक्सफर्डमध्ये ऑगस्टस व्हर्नन हारकोर्ट आणि गणितज्ञ विल्यम एसन यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोजन आयोडाइड यांच्या अभिक्रियेत एक सुंदर युक्ती वापरली. द्रावणात थायोसल्फेटचा मोजका अंश आणि स्टार्च घालायचे. थायोसल्फेट मुक्त होणारे आयोडीन खाऊन टाकते, थायोसल्फेट संपताच आयोडीन आणि स्टार्चमुळे द्रावण एकदम निळे होते, आणि पुन्हा तेवढाच अंश घातला की निळा रंग नाहीसा होतो. दोन निळ्या क्षणांमधील वेळ म्हणजे अभिक्रियेच्या एका ठरावीक टप्प्याचा वेळ. पुढे त्यांनी तापमानाचे जे सूत्र बसवले, त्यावरून अभिक्रिया पूर्ण थांबण्याचे तापमान उणे २७२.६ अंश सेल्सिअस इतके निघाले. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, इतक्या जवळ जाणारे हे उत्तर विलक्षण असले, तरी त्यांच्या सूत्राला भौतिक अर्थ नव्हता आणि ते मागे पडले.

तो अर्थ पुन्हा साखरेतूनच मिळाला. याकोबस व्हान्ट हॉफ याने १८८४ साली अभिक्रियांची कोटी (वेग संहतीवर कोणत्या घातांकाने अवलंबून असतो ते) आणि तापमानाचा वेगावरील परिणाम यांची पद्धतशीर मांडणी केली होती. ती पुढे नेताना स्वान्ते अऱ्हेनियस याने १८८९ साली आम्लामुळे होणाऱ्या सुक्रोजच्या इन्व्हर्जनचाच आधार घेतला. त्याला खटकलेली विसंगती अशी होती: तापमान २५ वरून ३५ अंश केले, तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्क्यांनीही वाढत नाही, पण इन्व्हर्जनचा दर सुमारे चौपट होतो. रेणू थोडे अधिक वेगाने धावतात आणि थोडे अधिक वेळा आदळतात, एवढ्याने ही वाढ होणे शक्य नाही. म्हणून त्याने असे मानले की, द्रावणातील सगळी साखर अभिक्रियेला तयार नसते. पुरेशी ऊर्जा मिळालेले मोजकेच रेणू ‘सक्रिय’ असतात, आणि तापमान वाढले की या सक्रिय रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. सक्रियण ऊर्जेची कल्पना येथून आली. सुक्रोजच्या इन्व्हर्जनसाठी ती सुमारे १०७ किलोज्यूल प्रति मोल आहे. ‘दहा अंशांनी तापमान वाढले की वेग दुप्पट होतो’ हा परीक्षेत हमखास लिहिला जाणारा नियम याच्या निम्म्या सक्रियण ऊर्जेच्या अभिक्रियांना बरोबर लागू पडतो. ज्या अभिक्रियेवरून हे सारे शास्त्र उभे राहिले, तिला तो लागूच पडत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत हंगामभर याच अभिक्रियेशी झुंज चालू असते. उसाचा ताजा रस मुळात किंचित आम्लधर्मी, साधारण ५ ते ५.५ सामूचा (pH) असतो, आणि तो तसाच तापवला तर त्यातील सुक्रोज तुटून साखर उतारा घटतो. म्हणून रस तापवताना त्यात चुना घालून सामू ७ च्या आसपास आणला जातो. चुना जास्त झाला तर रंग बिघडतो, म्हणून तोही बेताने. पुढे पाक निर्वात पॅनमध्ये कमी दाबाखाली, म्हणजे कमी तापमानाला उकळवला जातो. हे पॅन एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याने १८१३ च्या सुमारास काढले, म्हणजे अऱ्हेनियसच्या पाऊणशे वर्षे आधी. कमी तापमानात साखर टिकते हे कारागिरीला कळले होते; का टिकते, याचे उत्तर नंतर आले.

उत्प्रेरकाचा इतिहास नेमका याच क्रमाने चालतो. सेंट पीटर्सबर्ग येथे किर्चहॉफ याने १८११ साली आम्लाबरोबर स्टार्च उकळून साखर मिळवली आणि आम्ल शेवटी जसेच्या तसे उरते हे पाहिले. डोबेराइनरने १८२३ साली प्लॅटिनमच्या स्पंजवर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटवला. अशा विखुरलेल्या निरीक्षणांना बर्झेलियसने १८३५ साली एकत्र आणून उत्प्रेरणाची संकल्पना मांडली, पण त्यामागे एक गूढ बल असल्याचे मानले. ते गूढ ओस्टवाल्डने काढून टाकले: उत्प्रेरक फक्त वेग बदलतो, समतोल, म्हणजे अभिक्रिया शेवटी जिथे स्थिरावते ती स्थिती, हलवत नाही. या स्पष्टतेमुळेच हाबर आणि बॉश या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवण्याच्या अभिक्रियेत नेमके काय शोधायचे ते कळले. तापमान वाढवले तर वेग वाढतो पण अमोनिया कमी मिळतो; म्हणून दाब प्रचंड वाढवायचा आणि वेगासाठी लोखंडाच्या उत्प्रेरकावर विसंबायचे. जर्मनीतील ओपाऊ येथील अमोनियाचा कारखाना १९१३ साली सुरू झाला.

कणांच्या आकाराचा धडा मात्र द्रावणातील साखर देऊ शकत नाही, तो कोरड्या भुकटीने दिला. अमेरिकेत मिनियापोलिसमधील वॉशबर्न गिरणीत २ मे १८७८ रोजी हवेत उडालेल्या पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन १८ जण दगावले. पोत्यातले पीठ सहजासहजी पेट घेत नाही. पण त्याचा प्रत्येक कण सुटा होऊन चहूबाजूंनी हवेला भिडला की तेच पीठ क्षणात जळते. जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे फेब्रुवारी २००८ मध्ये झालेल्या अशाच स्फोटात १४ जणांचा बळी गेला, आणि तेथे हवेत होती ती साखरेची धूळ.

विल्हेल्मीच्या नियमाची मर्यादा दाखवणारे कामही इन्व्हर्जनवरच झाले. आम्लाऐवजी यीस्टमधील इन्व्हर्टेज हे विकर (सजीवांतील उत्प्रेरक प्रथिन, एन्झाइम) वापरले, तर साखरेची संहती वाढवत नेऊनही एका मर्यादेपलीकडे वेग वाढत नाही, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले होते. बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी १९१३ साली ही मोजणी काटेकोर केली. आधीच्या प्रयोगांत दोन त्रुटी होत्या. एक, द्रावणाचा सामू राखलेला नसे. दुसरी, नव्याने सुटलेल्या ग्लुकोजचे प्रकाश वळवण्याचे प्रमाण काही वेळ बदलतच राहते, त्यामुळे पोलरीमीटर फसवा आकडा दाखवतो. त्यांनी सामू बांधून घेतला आणि ठरावीक वेळी अल्कली घालून अभिक्रिया थांबवली. त्याने विकर निकामी होते आणि ग्लुकोजही चटकन स्थिरावते. मिळालेल्या आकड्यांचा अर्थ असा होता की, साखर आधी विकराच्या रेणूला चिकटते आणि मग तुटते. सगळे विकर गुंतले की आणखी साखर घालून काही उपयोग नसतो. तोडलेला ऊस गाळपाआधी वाहनतळावर पडून राहिला की त्यातील साखर घटते, त्यातही इन्व्हर्टेजचा मोठा वाटा असतो.