कर जास्त, पैसा कमी: टेक्सासमधल्या शालेय निधीच्या लढ्याची पार्श्वभूमी

16 मे 1968 रोजी सॅन अँटोनियोतल्या एजवूड हायस्कूलची सुमारे 400 मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मोडकळीला आलेली इमारत दुरुस्त करा, पात्र शिक्षक द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. याच भागात केली हवाई तळावर पत्राकाम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिगेझ राहत. त्यांची मुलं ज्या शाळेत जात, तिथे वटवाघळांनी घर केलं होतं. त्याच वर्षी रॉड्रिगेझ आणि इतर पालक शाळांच्या निधीच्या पद्धतीविरुद्ध कोर्टात गेले.

अमेरिकेत सरकारी शाळा चालवतात त्या स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट. त्यांचा मोठा आधार म्हणजे आपल्या हद्दीतल्या घरा-दुकानांवरचा मालमत्ता कर. टेक्सासमध्ये 1949च्या कायद्यांनी राज्याकडून किमान खर्चाची सोय झाली. त्यावर जे लागेल ते ज्याने त्याने आपल्या हद्दीतून उभं करायचं.

इथेच सगळी मेख आहे. 1967-68मध्ये एजवूड डिस्ट्रिक्टमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता होती 5,960 डॉलरची. त्याच शहरातल्या सधन अलामो हाइट्समध्ये 49,000 डॉलरहून जास्त. एजवूडने दर 100 डॉलरमागे 1.05 डॉलर कर लावला, त्या परिसरातला सर्वांत चढा दर. राज्याच्या किमान खर्चाच्या योजनेत डिस्ट्रिक्टने द्यायचा वाटा भरल्यावर हाती उरले दर मुलामागे 26 डॉलर. अलामो हाइट्सने 85 सेंट दराने 333 डॉलर जमवले. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एजवूडच्या मुलावर 356 डॉलर खर्च होत होते, अलामो हाइट्सच्या मुलावर 594. गरीब वस्तीला शिक्षणाची आस्था नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन करदर शेजारी ठेवून पाहावेत.

खालच्या कोर्टात पालक जिंकले. पण मार्च 1973मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो निकाल फिरवला. न्या. पॉवेल यांच्या मते शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नव्हता, आणि शाळांवरचं स्थानिक नियंत्रण जपण्यासाठी ही पद्धत समर्थनीय होती. न्या. थर्गुड मार्शल यांनी कडाडून विरोध नोंदवला. मला त्यांचं म्हणणं पटतं. तिजोरीच रिकामी असेल, तर कसलं नियंत्रण?

केंद्राचं दार बंद झालं, तेव्हा लढा राज्यांच्या घटनांकडे वळला. अवघ्या दोन आठवड्यांत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली पद्धत राज्यघटनेच्या कसोटीवर नापास केली. टेक्सासच्या 1876च्या घटनेत सरकारी शाळांची व्यवस्था ‘कार्यक्षम’ असावी, असं म्हटलं आहे. या एका शब्दावर एजवूड पुन्हा उभं राहिलं. 1984च्या नव्या दाव्यावर 1989मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टच्या दर विद्यार्थी मालमत्तेत 700 विरुद्ध 1 अशी तफावत असताना व्यवस्थेला कार्यक्षम म्हणता येणार नाही.

त्यानंतर विधिमंडळाने केलेले दोन कायदे कोर्टात टिकले नाहीत. 1993चा तिसरा टिकला. मालमत्ता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की त्या डिस्ट्रिक्टने जास्तीचा पैसा गरीब डिस्ट्रिक्टसाठी सोडायचा. लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ नाव दिलं.

अंतर बरंच घटलं, पण 2019पर्यंत हा कायदा मोजत होता जमिनीची आणि इमारतींची किंमत, घरातली चणचण नव्हे. ह्यूस्टनमध्ये बहुतांश विद्यार्थी गरीब घरांतले. तरी व्यापारी इमारतींचे भाव चढले आणि तेही शहर देणाऱ्यांच्या यादीत गेलं. नोव्हेंबर 2016मध्ये मतदारांनी पैसे द्यायला नकार दिला. नाही दिले तर महागड्या व्यापारी मालमत्ताच ह्यूस्टनच्या करकक्षेतून काढून दुसऱ्या डिस्ट्रिक्टला जोडल्या जाणार होत्या. मे 2017मध्ये त्याच मतदारांनी होकार दिला.