टोयोटा ८६ : भावी क्लासिक मोटार

टोयोटा ८६ : (जीटी ८६, सायन एफआर-एस, सुबारू बीआरझेड). टोयोटा आणि फुजी हेवी इंडस्ट्रीज (एप्रिल २०१७ पासून सुबारू कॉर्पोरेशन) या दोन जपानी कंपन्यांनी मिळून तयार केलेली, इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना असलेली दोन दारांची स्पोर्ट्‌स मोटार. पहिल्या पिढीचे उत्पादन २०१२ पासून साधारणपणे २०२० पर्यंत गुन्मा प्रांतातील ओता येथे सुबारूच्या कारखान्यात झाले. जपान व ऑस्ट्रेलियात ती ‘८६’, युरोपात ‘जीटी ८६’, अमेरिकेत २०१६ पर्यंत ‘सायन एफआर-एस’ (सायन ही टोयोटाचीच नाममुद्रा) आणि सुबारूच्या विक्रेत्यांकडे सर्वत्र ‘बीआरझेड’ या नावाने विकली गेली. मध्यम उत्पन्नाच्या ग्राहकाला परवडणारी आधुनिक स्पोर्ट्‌स मोटार पुढे क्लासिक ठरेल काय, या चर्चेत हिचे उदाहरण वारंवार येते. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच अंगाने लिहिली आहे.

‘क्लासिक’ची सर्वमान्य व्याख्या नाही. ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ किमान तीस वर्षे वय, मूळ स्थितीची जपणूक आणि रोजच्या दळणवळणासाठी वापर नसणे या अटी घालतो. जर्मनीत तीस वर्षांनंतर ‘एच’ अक्षराची वेगळी नंबर प्लेट मिळू शकते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षे झालेल्या मोटारींना वाहनकर माफ असतो. अमेरिकेत पंचवीस वर्षांपूर्वीची मोटार तेथील सुरक्षा मानकांची पूर्तता न करताही आयात करता येते, त्यामुळे १९९० च्या दशकातील जपानी मोटारींच्या किमती त्या मुदतीच्या आसपास चढलेल्या दिसतात. खुद्द जपानमध्ये मात्र तेरा वर्षांनंतर पेट्रोल मोटारीवरचा वार्षिक कर वाढतो, म्हणजे जुनी मोटार सांभाळणाऱ्यावर तेथे बोजाच पडतो. २०१२ ची ८६ या मर्यादेपलीकडे गेली आहे. ‘फिवा’च्या मोजणीने ती २०४२ मध्ये, तर ब्रिटिश करनियमाने २०५२ च्या सुमारास पात्र ठरेल. वयाची अट पूर्ण होणे आणि संग्राहकांच्या मनात स्थान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस वर्षे पूर्ण केलेल्या बहुसंख्य मोटारींच्या वाट्याला दुसरी गोष्ट येत नाही.

उगम : या मोटारीचे श्रेय नेमके कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. जनरल मोटर्सने फुजी हेवी इंडस्ट्रीजमधील आपला हिस्सा ऑक्टोबर २००५ मध्ये विकला, तेव्हा टोयोटाने त्यातून फुजी हेवी इंडस्ट्रीजचे ८.७ टक्के भाग घेतले. २००८ मध्ये हा हिस्सा १६.५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन्ही कंपन्यांनी मागच्या चाकांना चालना असलेली छोटी स्पोर्ट्‌स मोटार संयुक्तपणे विकसित करण्याचे जाहीर केले. टोयोटाकडून पुढे आलेल्या हकिकतीनुसार स्पोर्ट्‌स मोटार करण्याचा विचार त्याआधी, बहुधा २००७ मध्ये पक्का झाला आणि ते काम तेत्सुया तादा या अभियंत्याकडे सोपवण्यात आले. तादा यांनी तोवर मुख्यतः कुटुंबांसाठीच्या प्रशस्त मोटारींवर काम केले होते. सुबारू आरंभी फारशी उत्सुक नव्हती, असे सांगितले जाते. ते पटण्याजोगे आहे. चारही चाकांना चालना आणि आडव्या सिलिंडरांचे इंजिन या दोन गोष्टींवर त्या कंपनीची ओळख उभी होती आणि या प्रकल्पात पहिली गोष्ट सोडून द्यायची होती.

लोकप्रिय लेखनात या मोटारीच्या जन्माचे श्रेय अनेकदा आकिओ टोयोडा यांना एकट्याला दिले जाते. कालक्रम पाहता ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. टोयोडा जून २००९ मध्ये टोयोटाचे अध्यक्ष झाले; संयुक्त घोषणा त्यापूर्वी वर्षभर आधीची आहे. मात्र मार्च २००९ अखेरच्या आर्थिक वर्षात टोयोटाला सुमारे सत्तर वर्षांत प्रथमच परिचालन तोटा झाला होता. अशा वेळी नफा थोडा आणि ग्राहक मोजके असलेला प्रकल्प सहज गुंडाळला गेला असता. तो टिकला आणि ऑक्टोबर २००९ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात ‘एफटी-८६’ हे संकल्पनारूप मांडले गेले, याचे श्रेय स्वतः शर्यतीत मोटार चालवणाऱ्या या अध्यक्षांना देणे योग्य ठरेल. उत्पादनासाठी सिद्ध झालेली मोटार २०११ च्या अखेरीस टोकियोतच दाखवण्यात आली.

‘ही नाव बदललेली सुबारूच’ असे एक मत आहे, तर ‘कल्पना टोयोटाची, सुबारू केवळ कंत्राटी उत्पादक’ असे दुसरे. दोन्ही टोकाची वाटतात. इंजिनाचा मूळ साचा, तळबांधणीचे अभियांत्रिकी काम आणि जुळणी सुबारूची आहे. मोटारीचा आराखडा, बाह्य रूप आणि सिलिंडरात थेट व नळीत अशा दोन्ही प्रकारे इंधन फवारणारी ‘डी-४एस’ प्रणाली टोयोटाची आहे. बीआरझेड या नावातही सुबारूने आपला वाटा नोंदवून ठेवला आहे : बॉक्सर (आडव्या सिलिंडरांचे) इंजिन, रिअर-व्हील ड्राइव्ह (मागच्या चाकांना चालना), झेनिथ (शिखर).

८६ हा आकडा : नावातील आकडा १९८३–८७ मधील ‘एई८६’ या कोरोला लेव्हिन व स्प्रिंटर ट्रुएनो मोटारींच्या अंतर्गत सांकेतिक क्रमांकातून आला, याविषयी दुमत नाही. त्या संकेतात ‘ए’ म्हणजे इंजिनाचे घराणे, ‘ई’ म्हणजे कोरोला, आठ म्हणजे पिढी आणि सहा म्हणजे उपप्रकार. वाद आहे तो नव्या इंजिनाच्या मापांविषयी. ८६ च्या एफए२० इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर असून दट्ट्याची (पिस्टनची) धावही ८६ मिलिमीटर आहे. ही जुळणी नावासाठी मुद्दाम केली, असे काही लेखक मानतात. इतरांच्या मते तो योगायोग आहे. हिशेब केल्यास दुसऱ्या मताकडे झुकावे लागते. व्यास आणि धाव समान ठेवून चार सिलिंडरांत दोन लिटर क्षमता साधायची झाली, तर माप ८६ च्या आसपासच निघते : ८६ × ८६ ने एका सिलिंडरची क्षमता सुमारे ४९९.६ घन सेंमी. आणि चारांची १,९९८ घन सेंमी. येते. टोयोटाच्या जुन्या ३एस आणि निस्सानच्या एसआर२० या इंजिनांची मापे नेमकी हीच आहेत आणि त्यांचा एई८६ शी संबंध नाही. शिवाय ज्या एई८६ चे स्मरण करायचे, तिच्या ४ए-जीई इंजिनाची मापे ८१ × ७७ मिलिमीटर, म्हणजे वेगळीच होती. समान मापांचा आग्रह मात्र अभियंत्यांचा असावा. सुबारूच्या समकालीन एफबी२० इंजिनात धाव ९० मिलिमीटर होती. ती आखूड केल्याने दट्ट्याचा वेग आटोक्यात राहतो आणि इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत निर्धास्तपणे जाऊ शकते. आकड्याचा उपयोग जाहिरातीने नंतर करून घेतला, इतके म्हणणे पुरेसे आहे.

रचना : टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले हे इंजिन १२.५ : १ या संपीडन गुणोत्तरावर ७,००० फेऱ्यांना २०० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) शक्ती देते. कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) २०५ न्यूटन-मीटर असून तो ६,४०० फेऱ्यांनंतर मिळतो. मधल्या टप्प्यात, साधारणपणे साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांदरम्यान, टॉर्कच्या आलेखाला खळगा पडतो. पहिल्या पिढीविषयीची सर्वांत जुनी तक्रार हीच. आडव्या सिलिंडरांमुळे इंजिन खाली बसते आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४६० मिलिमीटरवर राहतो. वजन सव्वा टनाच्या आसपास असून त्याची विभागणी पुढे ५३ व मागे ४७ टक्के आहे. मागच्या धुरीवर टॉर्सन डिफरन्शियल (दोन्ही चाकांत जोर वाटून घसरण आवरणारी दंतचक्ररचना) बहुतेक आवृत्त्यांत मिळे. प्रियस या हायब्रिड मोटारीच्या काही आवृत्त्यांना लावले जाणारे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर येथे मुद्दाम निवडले होते. पकड मर्यादित ठेवली की मोटार माफक वेगातही मागून सरकू लागते आणि चालकाला तिचा तोल हाताखाली जाणवतो. शक्तीपेक्षा तोलाला अग्रक्रम देणारा हा निर्णय या मोटारीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे आणि तिच्या भविष्याविषयीचा युक्तिवाद शेवटी त्यावरच उभा राहतो.

पूर्वोदाहरणे : परवडणारी स्पोर्ट्‌स मोटार क्लासिक झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ब्रिटनची एमजीबी (१९६२–८०) पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. सुटे भाग आजही मुबलक असल्याने ती नवशिक्या संग्राहकाची मोटार राहिली, मात्र तिची किंमत फारशी चढली नाही. डॅटसन २४०झेड अमेरिकेत १९७० मध्ये ३,५२६ डॉलरला मिळे; गंजाने बहुतेक संपल्यावर उरलेल्या चांगल्या मोटारींना मोल आले. १९८९ ची माझदा एमएक्स-५ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. एई८६ चा मार्ग निराळा आहे. केइची त्सुचिया या चालकाचे घाटरस्त्यांवरील घसरचालन (ड्रिफ्टिंग, म्हणजे मोटार मुद्दाम घसरवत वळवणे) आणि १९९५ पासून प्रसिद्ध झालेली ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा-मालिका यांमुळे एका साध्या कोरोलाला तिच्या विक्रीनंतर दहा वर्षांनी कीर्ती मिळाली. टोयोटाने २०२१ मध्ये एई८६ चे काही सुटे भाग नव्याने उपलब्ध करण्याचे जाहीर केले.

टोयोटाची प्रसिद्धिपत्रके ८६ च्या पूर्वजांत एई८६ बरोबरच स्पोर्ट्‌स ८०० (१९६५) आणि २०००जीटी (१९६७) यांचीही नावे घेतात. २०००जीटीशी नाते मुख्यतः बाजूच्या खिडकीच्या आकारापुरते दिसते. ती जेमतेम साडेतीनशे मोटारींची, आरंभापासूनच महाग वस्तू होती आणि लिलावात दहा लाख डॉलरपलीकडे गेली आहे. तिच्या किमतीवरून ८६ चे भविष्य वर्तवणे गैर ठरेल. आडव्या सिलिंडरांचे छोटे इंजिन, कमी वजन आणि बेताची किंमत पाहता स्पोर्ट्‌स ८०० हीच अधिक जवळची पूर्वज वाटते.

टिकाव आणि दुर्मीळता : स्वस्त मोटारीचे क्लासिक होणे तिच्या नाशावर अवलंबून असते. ८६ च्या बाबतीत हा नाश विक्रीच्या पहिल्या दिवसापासून सुरू झाला, कारण ती फेरफारासाठीच विकली गेली. जपानमधील ‘आरसी’ ही सर्वांत स्वस्त आवृत्ती १९ लाख ९० हजार येनला, रंग न दिलेले बंपर आणि लोखंडी रिंगांसह मिळे, जेणेकरून ग्राहकाने बाकीचे स्वतः लावावे. असंख्य मोटारींना टर्बो बसवले गेले, अनेक घसरचालनाच्या मैदानावर संपल्या. त्यामुळे मूळ स्थितीतील मोटार तीस वर्षांनी विरळ असेल, असा अंदाज करता येतो. संग्राहकांचे लक्ष मात्र आधी मर्यादित आवृत्त्यांकडे जाते. २०१६ ची ‘८६ जीआरएमएन’ शंभरच तयार झाली आणि तिची किंमत ६४ लाख ८० हजार येन होती. प्रस्तुत लेखकाच्या मते या मोटारीचे खरे मूल्य अशा आवृत्त्यांपेक्षा साध्या, हातगियरच्या, न बदललेल्या मोटारीत आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये २४,९९५ पौंडांना आणि अमेरिकेत सुमारे २४,२०० डॉलरना मिळणारी ती हीच. जपून ठेवायची ती हीच, आणि नेमकी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही ही खंत वाटते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिल्या वर्षांतील इंजिनांच्या झडपांच्या स्प्रिंगांसाठी मोटारी परत बोलावण्यात आल्या. या कामासाठी इंजिन उतरवून उघडावे लागे आणि त्यानंतर काही इंजिने निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यामुळे २०१२-१३ च्या मोटारींत दुरुस्तीची कागदपत्रे सांभाळलेली मोटार पुढे अधिक विश्वसनीय मानली जाईल. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण घटकांचा साठा किती काळ टिकेल, ही अडचण या काळातील सर्वच मोटारींपुढे आहे. ८६ त्या मानाने साधी आहे, इतकेच.

दुसरी पिढी : २०२० च्या अखेरीस नवी बीआरझेड आणि एप्रिल २०२१ मध्ये टोयोटाची जीआर८६ दाखवण्यात आली. व्यास ९४ मिलिमीटर करून इंजिन २,३८७ घन सेंमी.चे झाले, शक्ती २३५ पीएसवर गेली आणि कमाल टॉर्क ३,७०० फेऱ्यांनाच मिळू लागल्याने जुना खळगा बुजला. धाव मात्र ८६ च राहिली. चालवण्यास दुसरी पिढी सरस, यावर बहुतेक परीक्षकांचे एकमत आहे. युरोपात मात्र जुलै २०२४ पासून नव्या मोटारींना लागू झालेल्या सुरक्षा नियमांमुळे जीआर८६ ची विक्री दोन वर्षांतच थांबली. त्यामुळे त्या खंडात दुसरी पिढी जन्मतःच दुर्मीळ आहे आणि तिचे भाव पहिलीच्या आधी चढण्याची शक्यता आहे. ऐतिहासिक महत्त्व तरीही पहिलीकडेच राहावे. टर्बो आणि वाढत्या वजनाच्या काळात मोठ्या कंपनीने हलकी, टर्बोविरहित, मागच्या चाकांना चालना असलेली मोटार सामान्य किमतीत विकता येते, हे तिने दाखवले.

भारतात ८६ ची अधिकृत विक्री झाली नाही. येथे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनालाच ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पंधरा ते पन्नास वर्षांमधील मोटारीला असा दर्जा नाही. उलट महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो.